बुवांच्या वाट्याचं पाणी

दसऱ्याच्या तोंडावर एक माणूस बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या धुराड्यावर चढला आणि वर बांधलेलं घारीचं घरटं उपसून त्यानं खाली टाकलं. द्वारकाकाकू अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि धुराड्याकडं तोंड करून तिथल्या तिथं हात जोडले.

शेजारची झुंबरबाई भिंतीवरून बघतच होती. "काकू, देव तिकडं न्हाई. तुमचा देव्हारा ह्या अंगाला हाय."

"माझा देव सध्या तिकडंच आहे," काकू म्हणाल्या. "घरटं निघालं म्हणजे धूर निघणार. धूर निघाला म्हणजे भोंगा वाजणार. आणि भोंगा वाजला म्हणजे..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि न घेताही झुंबरबाईला ते बरोबर कळलं. ती हसली. "येतील, येतील. बुवा येतील तवा मला पुरणाचा वास आला पायजे, सांगून ठिवते."

जालन्यात मंदी काही एका दिवसात आली नव्हती. आधी मुंबईत कापसाचा भाव पडला. मग मोंढ्याच्या बाजारात गाड्या येईनाशा झाल्या. मग एका सकाळी काकासाहेबांच्या जिनिंगचा भोंगा वाजलाच नाही. त्या भोंग्यावर बायका चुली पेटवायच्या, त्याच्यावरच पोरं निजायची. तो थांबला तसं गाव सकाळ कुठली आणि दुपार कुठली हेही विसरल्यासारखं झालं. सरकी काढणाऱ्या रेच्यावर कापूस लोटणाऱ्या झुंबरबाईसारख्या बायका घरी बसल्या. हमाल गाव सोडून गेले. राहिले ते संध्याकाळी राममंदिरात येऊन बसायला लागले, कारण तिथं वामनबुवांचं कीर्तन असे.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना कीर्तन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पोटात काही नाही म्हणून लोक कानानं जेवायला येत. बुवा उभे राहिले, उपरणं सावरलं, चिपळ्यांचा पहिला ठेका पडला, की पोरं रडायची थांबत. बुवांचा गळा भारी होता अशातला भाग नाही, पण ते देवाशी बोलत ते शेजाऱ्याशी बोलावं तसं. तक्रार करत, थट्टा करत, मधेच रुसत. एकाच सतरंजीवर काकासाहेब बसत आणि त्यांनीच कामावरून काढलेले हमालही बसत. आरती झाली की काकासाहेब स्वतः डाव घेऊन खिचडी वाढत, आणि झुंबरबाईच्या पानात जरा जास्तच घालत. देवाच्या दारात तेवढे दिवस सगळी माणसं एका घरची होती.

आणि अशाच एका सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, बुवांच्या तोंडून ते निघालं.

आख्यान होतं दिल्या शब्दापायी राज्य सोडून जाणाऱ्या राजाचं. बुवा रंगात आले होते. समोर उपाशी माणसं डोळे पुसत होती. बुवांनी चिपळ्या छातीशी धरल्या आणि मूर्तीकडं वळून ते म्हणाले, "देवा, ह्या लेकरांचं मला बघवत नाही. जोवर ह्या गावचा भोंगा वाजत नाही, तोवर हा वामन जालन्याचं पाणी पिणार नाही. आता तुझं तू बघ."

मग कुणीतरी हुंदका दिला, आणि मग सगळाच मंडप रडला. काकासाहेबांनी उठून बुवांच्या पायावर डोकं ठेवलं. नको असं कुणीच म्हणालं नाही. बायकांच्या बाजूला, खांबाआड उभ्या असलेल्या द्वारकाकाकूंना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. त्या वाट बघत राहिल्या. मग त्यांना उमगलं की असं म्हणणारं माणूस बहुतेक आपणच, आणि आपल्याला तर यांनी विचारलंही नाही.

बुवांनी घरातला घोट घेतला नाही. चिपळ्या कोनाड्यात ठेवल्या. भोंगा वाजेपर्यंत कीर्तनही नाही म्हणाले, आणि घनसावंगीच्या पलीकडं गोदेच्या काठी, एका ओसाड महादेवाच्या ओवरीत जाऊन राहिले. काकू एकादशीच्या एकादशीला चिपळ्यांच्या लाकडाला तेलाचं बोट लावत, घुंगरं पुसत. मूल ना बाळ. तेवढंच एक घरातलं बोलकं होतं, आणि तेही गप्प बसलेलं.

आता घरटं निघालं होतं. घार काही दिवस धुराड्याभोवती घिरट्या घालत राहिली, मग तिनंही नाद सोडला.

मग एकेक खूण दिसायला लागली आणि काकू प्रत्येक खूण ओवाळून घेतल्यासारखी मनात ठेवू लागल्या. हलवायानं दुसरी भट्टी पेटवली. जिनिंगच्या फाटकावरचा राखणदार रोहिला आत झोपायचा तो खुर्ची टाकून बाहेर बसायला लागला आणि लोकांना ओळखेनासा झाला. मोंढ्यात झाडलोट झाली. अंबडच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या यायला लागल्या, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकून बाभळी पांढऱ्या झाल्या. तेजी आली, तेजी आली, असं जो तो म्हणायला लागला, आणि म्हणताना ज्याच्या त्याच्या चालण्यात फरक पडला.

काही खुणा मात्र काकूंनी पाहूनही मनात ठेवल्या नाहीत. संध्याकाळच्या आरतीला माणसं कमी झाली. एके दिवशी तर त्या राममंदिरात गेल्या तेव्हा सभामंडपात कच्च्या कापसाची पोती थेट तुळयांपर्यंत रचलेली. देवापर्यंत जायला बोळकांडीएवढी वाट.

काकासाहेब तिथंच उभे राहून हमालांवर ओरडत होते. काकूंना बघून त्यांनी आवाज उतरवला. "गोदामं भरली, वहिनी. म्हटलं देवाच्या पायाशी तरी सुरक्षित राहील माल."

"अन् कीर्तन?"

"कीर्तनाला बुवा कुठं हायेत?" काकासाहेब म्हणाले, आणि हमालाकडं वळले.

भोंगा वाजला तो कार्तिकातल्या एका पहाटे. काकूंनी चूल पेटवली आणि पेटवल्यावर रडल्या. घर सारवलं. चिपळ्या कोनाड्यातून काढून देव्हाऱ्यापुढं ठेवल्या. मोंढ्यात जाऊन त्यांनी रामकिसनला गाठलं. हा घनसावंगीकडचा गाडीवान, बुवांच्या ओवरीवरून जायचा यायचा, आणि चार वर्षं काकूंना जी काय खबर मिळायची ती याच्याच तोंडची.

"रामकिसन, त्यांना सांग, भोंगा वाजला. माल खाली करून झाला की गाडी रिकामीच जाणार ना? मग येताना त्यांना घेऊनच ये."

"आनतो की, काकू. बुवा लई वाळलेत बघा. हिवतापानं धरून राह्यलंय. पन भोंगा म्हटल्यावर उठून बसतील."

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, काकासाहेब घरी आले. सोबत साखरेचं पोतं, तांदूळ, एक जरीकाठी लुगडं. ओट्यावर टेकले. काकूंनी गुळपाणी दिलं. काकासाहेबांनी घटाघटा पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं, आणि म्हणाले, "वहिनी, बुवांना बोलावणं धाडलं म्हणून ऐकलं."

"धाडलं. भोंगा वाजला ना."

"वाजला. पण तो वाजला कशानं?"

काकूंनी रिकामं भांडं उचललं.

"सगळा बाजार म्हणून राह्यलाय, बुवांच्या तपानं वाजला. बिलकुल खरं हाय. चार वर्षं त्या माणसानं गावचं पाणी सोडलं, तवा लक्ष्मी फिरली. आता मला सांगा, आत्ताशी कुठं जाळ धरलाय, अन् आपण खालचं लाकूडच वढून काढायचं?"

"काकासाहेब, ते काय लाकूड आहेत?"

"तसं न्हाई हो. मी आपलं समजावून सांगतो. बुवा परत आले, पाणी प्याले, म्हंजे तप संपलं. तप संपलं अन् भाव पडला तर? एवढी सुगी जाऊ द्या. एकच सुगी. गाव तुम्हाला काही कमी पडू देणार न्हाई."

"त्यांनी भोंगा वाजेपर्यंत म्हटलं होतं. सुगी सरेपर्यंत नव्हतं म्हटलं."

"त्यांना तवा कुठं ठावं होतं असं होईल म्हणून?" काकासाहेब अगदी मायेनं म्हणाले. जाताना त्यांनी देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि पुढं ठेवलेल्या चिपळ्यांनाही केला.

काकूंनी साखरेचं पोतं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. रात्रभर ते ओट्यावर राहिलं, मुंग्या लागल्या. सकाळी झुंबरबाई कामावर निघाली होती, डोक्याला फडकं बांधून. पोत्याकडं बघत थांबली.

"बघितलंस का गं, झुंबर? म्हणतात, येऊ देऊ नका."

झुंबरबाईनं पायानं मुंग्या सारल्या. "काकू, रागावू नका. एक सुगी ऱ्हाऊ द्या ना बुवास्नी तिकडं."

"तूसुद्धा?"

"माझी पोरगी चार वर्सं घरात बसली होती, हुंडा न्हाई म्हून. आता कुठं सोयरीक जुळून राह्यली. बुवा देवमानूस हायेत. देवमानसाला काय, इथं काय अन् तिथं काय." आणि भोंगा वाजला तशी ती पळतच गेली.

म्हणजे असं म्हणणारा बाजार एकटाच नव्हता. काकूंनी हे एकटीनं गिळलं. पण मनात त्यांनी धरून ठेवलं होतं की ते समोर आले की सगळं विरघळेल. ज्यांच्या पायावर हीच माणसं रडली, ते समोर आले की लाज वाटेल ह्यांना. माणसाच्या आतला देव कीर्तनात किती वेळा जागा होताना त्यांनी पाहिला होता.

बुवा आले ते भर उन्हात. गाडी अजून लांब होती तेव्हाच गावात कळलं. काकूंनी आडाचं ताजं पाणी शेंदलं, तांब्या घासून लख्ख केला, भरला, वर पदर झाकला आणि निघाल्या. कुंडलिकेच्या काठावर, गावात शिरायच्या उतारापाशी, त्यांना माणसांचा थवा दिसला. हार होते, बुक्का होता, टाळही होते. काकूंचा जीव भांड्यात पडला. आपण उगाच वाईट मनात आणलं, असं वाटून त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्यासारखं केलं.

गाडी थांबली. बुवा आत पेंढ्यावर निजले होते. रामकिसननं आधार देऊन बसवलं. माणूस निम्मा उरला होता. ओठ फाटलेले, डोळे तापानं तांबडे. पण हसू तेच.

"वाटेत पान्याचा थेंब घेतला न्हाई, काकू," रामकिसन म्हणाला. "अंबडात म्हनलं घ्या, जवारीच्या शेतात मोट चालू होती तिथं म्हनलं घ्या. म्हनले, भोंगा वाजलाय, आता पहिला घोट जालन्याचा."

काकासाहेब पुढं झाले. गळ्यात हार घातला. कपाळी बुक्का लावला. एकेक माणूस येऊन पायाशी वाकत होतं, आणि बुवा प्रत्येकाला नावानं ओळखत होते. "किती गर्दी केली रे," ते म्हणाले. "आधी पाणी द्या. मग भेटू सगळे. घसा कोरडा पडलाय, कीर्तन कसं करू?"

कुणी हललं नाही.

"दूध आणलंय बुवा," काकासाहेब म्हणाले. "केशर घातलेलं. उसाचा रस हाय. ताक हाय."

"दूध नंतर. पाणी द्या."

काकू तांब्या घेऊन पुढं निघाल्या. गाडीच्या चाकापर्यंत पोचल्या असतील, तेवढ्यात कुणीतरी मनगट धरलं. झुंबरबाई होती. तिनं जोर केला नाही. सासरी जाणाऱ्या लेकीचा हात धरावा तसा धरला. "काकू, नका ना."

"सोड."

"नका, पाया पडते." आणि ती खरंच वाकली, पण हात सोडला नाही. दुसऱ्या एका बाईनं तांब्या काढून घेतला, सांडू न देता, दोन्ही हातांत, प्रसादासारखा.

बुवा हे गाडीतून बघत होते. त्यांना अजून कळलं नव्हतं. "अगं, काय चाललंय?" त्यांनी काकूंना विचारलं. चार वर्षांनी बायकोशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

उत्तर काकासाहेबांनी दिलं. हात जोडून, नजर खाली घालून, सगळं सांगितलं. तप, लक्ष्मी, भाव, एक सुगी. "तुमच्यासाठी नदीकाठी पक्की खोली बांधून देतो, बुवा. गडी ठेवतो. वैद्य धाडतो. तुम्ही फक्त आत्ता तोंडाला पाणी लावू नका. गाव तुमच्या पाया पडतंय." आणि गाव खरंच पाया पडलं. धुळीत, उन्हात, एकजात सगळं.

बुवांनी त्या पाठींवरून नजर फिरवली. काकूंना वाटलं, आता बोलतील. देवाशी बोलायचे तसं, तक्रार करत, थट्टा करत. एक शब्द बोलतील आणि ही सगळी उठून पाण्याला धावतील. त्यांच्या शब्दात तेवढी ताकद होती, हे काकूंइतकं कुणाला ठाऊक होतं?

बुवा म्हणाले, "माझ्या एका घोटानं ह्यांच्या चुली विझणार असतील तर नको बाबांनो." आणि रामकिसनला म्हणाले, "फिरव गाडी."

ह्याही वेळी त्यांनी काकूंना विचारलं नाही.

लोकांनी गजर केला. टाळ वाजले. काकूंनी झुंबरबाईच्या हातातून मनगट सोडवलं, आता तिनंही ते घट्ट धरलं नव्हतं, आणि चालत्या गाडीच्या मागून चढल्या. पाण्याचा तांब्या मागं राहिला. गाडी वळली न वळली तोच दुपारच्या पाळीचा भोंगा झाला आणि माणसं धूळ झटकत कामावर गेली. केशराचं दूध हमालांनी पिऊन टाकलं.

अंबडच्या अलीकडं एका मळ्यात काकूंनी पाणी मागून आणलं. बुवांनी ते प्यायलं, कारण ते जालन्याचं नव्हतं. पण आता पोटात काही ठरेना. उलटून पडलं. ताप चढत गेला. गोदेच्या काठी, त्याच ओवरीत, मार्गशीर्ष लागायच्या आत वामनबुवा गेले. शेवटी शेवटी ते बोटांनी ठेका धरत होते. चिपळ्या घरी राहिल्या होत्या.

काकूंना न्यायला गावातून बैलांची धमणी आली, गादी घातलेली. सोबत काकासाहेब स्वतः. ते ओवरीपुढं बसून लहान मुलासारखे रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. परतीच्या वाटेवर मात्र, कासरा धरणाऱ्याशी ते हळू बोलले ते काकूंना ऐकू आलं. "आता कसं हाय, तप कायमचं झालं. आता मोडायचा सवालच न्हाई."

आणि तेजी खरंच मोडली नाही. भाव चढत राहिला. झुंबरबाईच्या लेकीचं लग्न झालं, काकूंना पहिलं आमंत्रण. मोंढ्यात दुकानादुकानांत बुवांच्या नावाचा दिवा लागायला लागला. चैत्र लागला तरी जिनिंग चालू होतं, असं कधी झालं नव्हतं.

पाडव्याला, कुंडलिकेच्या काठावर, जिथं गाडी थांबली होती बरोबर त्याच जागी, काकासाहेबांनी पाणपोई घातली. वर गवताचा मांडव, खाली वाळूत रोवलेले रांजण, आणि पाटीवर ठळक अक्षरं: वैकुंठवासी वामनबुवा यांच्या स्मरणार्थ. येणाऱ्या जाणाऱ्या गाडीवानांना पाणी. पहिला तांब्या वहिनींच्या हातून ओतायचा, असं ठरलं. काकू नको म्हणाल्या नाहीत. त्या चिपळ्या पदरात घेऊन आल्या.

काकासाहेबांनी रांजणातून तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. काकूंनी तांब्याकडं पाहिलं. त्यांचाच होता. त्या दिवशी कुणीतरी नेऊन जपून ठेवलेला.

"हे पाणी कुठलं?" त्यांनी विचारलं.

"गावचंच, वहिनी. आमच्या आडाचं."

समोर रामकिसन ओंजळ धरून उभा होता. पहिला मान त्याला दिला होता. काकू त्याच्या ओंजळीपुढून बाजूला सरकल्या. गाडीच्या चाकोरीपाशी गेल्या आणि तांब्या त्यांनी तिथं धुळीत उपडा केला. सगळा. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. मग मान वर करून त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. काकासाहेबांच्या, झुंबरबाईच्या, तांब्या काढून घेणाऱ्या बाईच्या.

रामकिसनची ओंजळ खाली आली. काकूंना वाटलं, कळलं ह्यांना.

मग झुंबरबाई पुढं आली, वाकली, ओल्या मातीला बोट लावून तिनं ते कपाळाला टेकवलं. तिच्यामागून दुसरी आली. मग रांगच लागली. ज्याला ओली माती मिळाली नाही त्यानं कोरडी घेतली. कुणीतरी बुवांच्या नावानं गजर सुरू केला, कुणी टाळ धरले. तेवढ्यात भोंगा झाला आणि रांग मोडून माणसं गावाकडं पळाली.

काकासाहेब मागं थांबले. कपाळाची माती वाळून त्यांच्या भुवईवर सांडत होती. त्यांनी रिकामा तांब्या काकूंच्या हातून अलगद घेतला.

"वहिनी," ते म्हणाले, "दर पाडव्याला असंच करत जा. शकुन चांगला झाला."